तोंडातला पांढरा चट्टा आणि लेझर: इंदूरच्या मराठी घरांसाठी सविस्तर मार्गदर्शन

गालाच्या आत किंवा जिभेच्या कडेला पांढरा चट्टा असतो, पण तो दुखत नाही. दुखत नाही म्हणून माणूस तो दाखवायला येतच नाही. तो येतो दाढ दुखते म्हणून. खुर्चीत बसून तोंड उघडतो आणि दाढेच्या शेजारी मला तो चट्टा दिसतो. इंदूरमध्ये दातांचा दवाखाना चालवताना हे वारंवार घडतं. "डॉक्टर ताई, ते राहू द्या, आधी दाढेचं बघा," असं उत्तरही बहुतेक वेळा मिळतं.

हल्ली त्यात एका प्रश्नाची भर पडली आहे: "लेझरने जाळून टाकतात म्हणे, आजच होईल का?" लेझरने चट्टा निघतो, चांगला निघतो. पण बायोप्सी, म्हणजे छोटा तुकडा काढून तपासणी, न करता चट्टा जाळून टाकू देऊ नका. या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल, तर ही ठेवा. जळलेला चट्टा पुन्हा तपासता येत नाही. आत कॅन्सरची सुरुवात झालेली असेल, तर तिचा पुरावा धुरासोबत निघून जातो आणि खालचा रोग वाढत राहतो. म्हणून सगळ्या पायऱ्या क्रमानं सांगते.

चट्टा कसला आहे

गॉज किंवा स्वच्छ रुमालानं पुसून जो पांढरा थर निघतो, तो बहुधा बुरशीचा असतो. जो पुसून निघत नाही आणि ज्याचं दुसरं कारणही सापडत नाही, त्याला ल्युकोप्लाकिया म्हणतात. लालभडक, मखमलीसारखा दिसणारा चट्टा म्हणजे एरिथ्रोप्लाकिया. हा कमी लोकांत दिसतो, पण धोका त्याच्यातच जास्त. अशा लाल चट्ट्यांची बायोप्सी केली की बहुतेकांत पेशी बिघडायला लागलेल्या तरी असतात, नाहीतर कॅन्सर सुरू झालेला असतो. काही चट्ट्यांत पांढरं आणि लाल मिसळलेलं असतं. त्यांच्याकडेही लाल चट्ट्याइतक्याच गांभीर्यानं बघायचं.

साध्या, सपाट, सगळीकडे सारख्या दिसणाऱ्या पांढऱ्या चट्ट्याचा कॅन्सर होण्याचं प्रमाण ढोबळमानानं वर्षाला शंभरात एकाच्या आसपास धरतात. घाबरून झोप उडावी असा हा आकडा नाही, पण दहा-पंधरा वर्षं चट्टा तसाच ठेवला तर तोच आकडा मोठा होतो. चट्टा जिभेच्या कडेला किंवा जिभेखाली असेल, खडबडीत किंवा चामखिळीसारखा असेल, आकारानं मोठा असेल, तर धोका वाढतो. ज्यांनी आयुष्यात तंबाखूला हात लावलेला नाही, विशेषतः अशा बायकांच्या जिभेवरचा चट्टा मी जास्त काळजीनं बघते. "मी तर काहीच खात नाही" हे ऐकून घरची माणसं निर्धास्त होतात. इथे निर्धास्त व्हायचं नाही.

सबम्युकस फायब्रोसिस हा आणखी एक आजार आपल्या भागात फार आहे. तो सुपारीमुळे होतो. तोंड कमी-कमी उघडतं, तिखट झोंबतं, गालाच्या आत दोऱ्यांसारखे ताठ पट्टे हाताला लागतात. लेझरनं हा आजार बरा होत नाही. त्यावरच एखादा पांढरा किंवा लाल चट्टा आला असेल, तर तेवढा काढता येतो. अशा तोंडाची देखरेख मात्र जास्त कडक ठेवावी लागते.

घरी आरशासमोर

महिन्यातून एकदा, दात घासल्यावर, मोबाइलचा टॉर्च लावून बघा. कवळी असेल तर काढून ठेवा. आधी ओठ उलटून आतली बाजू. मग बोटानं गाल बाजूला ओढून दोन्ही गाल, अगदी शेवटच्या दाढेच्या मागच्या कोपऱ्यापर्यंत. मग हिरड्या आणि टाळू. शेवटी जीभ बाहेर काढून तिचं टोक रुमालानं धरायचं आणि एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे ओढून दोन्ही कडा बघायच्या. नंतर जीभ टाळूला लावून खालची जागा. ज्या बाजूला तंबाखूची चिमूट किंवा गुटखा ठेवायची सवय आहे, तिथे जास्त वेळ द्या.

तोंड किती उघडतं तेही बघा. तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका ही आपलीच तीन बोटं उभी धरून वरच्या आणि खालच्या दातांमध्ये जायला हवीत. दोनच जात असतील, तर चट्टा दिसो न दिसो, डॉक्टरांना दाखवा.

दोन आठवड्यांत बरी न होणारी जखम, पांढरा-लाल चट्टा, गाठ, गिळताना अडकणं, कारणाशिवाय हलायला लागलेला दात किंवा मानेत लागणारी गाठ यांतलं काहीही असेल, तर वाट बघू नका. तोंड आलंय म्हणून बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या महिनोन्महिने खात बसणारी माणसं मला भेटतात. खरचटून किंवा उष्णतेनं आलेलं तोंड दोन आठवड्यांत बरं होतंच. जे होत नाही, त्याचं कारण वेगळं असतं. चट्ट्यावर तुरटी, चुना, हळद-मीठ चोळून तो खरवडायचा प्रयत्नही करू नका. त्यानं जखम होते आणि तपासणाऱ्याची दिशाभूल होते.

इंदूरमध्ये कुठे जायचं

सुरुवात तुमच्या नेहमीच्या दातांच्या डॉक्टरांपासून करा. पुढची तपासणी ओरल मेडिसिन किंवा ओरल सर्जरीचे तज्ज्ञ करतात. एम.वाय. हॉस्पिटलजवळचं शासकीय दंत महाविद्यालय त्यासाठी चांगलं ठिकाण आहे. सकाळी लवकर जा, ओ.पी.डी.ची पर्ची काढा, आधार कार्ड आणि जुने कागद सोबत ठेवा. शहरात खासगी दंत महाविद्यालयं आणि कॅन्सरची हॉस्पिटलंही आहेत. कान-नाक-घसा तज्ज्ञ आणि कॅन्सर सर्जनही ही शस्त्रक्रिया करतात.

लेझरची मशीन कुठे आहे, यापेक्षा तोंडाच्या ऊतींचा रिपोर्ट वाचणारा पॅथॉलॉजिस्ट कुठे आहे, हे मी आधी बघते. दंत महाविद्यालयांत तोंडाच्या पॅथॉलॉजीचा स्वतंत्र विभाग असतो, म्हणून माझे पेशंट मी आधी तिकडे पाठवते. लेझर नंतर दुसरीकडे करता येतं.

आयुष्मान कार्ड असेल तर पहिल्याच दिवशी दाखवा. त्या योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे आणि 2024 पासून सत्तरीपुढच्या सगळ्यांना ते उत्पन्न न बघता मिळतं. तुमची शस्त्रक्रिया त्या हॉस्पिटलात कोणत्या पॅकेजमध्ये बसते आणि भरती व्हावं लागेल का, हे तिथल्या आयुष्मान मित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, विचारून घ्या. खासगीत करणार असाल तर खर्चाचा अंदाज लेखी मागा. त्यात आधीची बायोप्सी, लेझर, काढलेल्या तुकड्याची तपासणी आणि नंतरच्या भेटी हे चारही वेगवेगळे लिहून घ्या. घासाघीस पुष्कळदा तुकड्याच्या तपासणीवर येऊन थांबते आणि तीच गाळली जाते. ती गाळू देऊ नका.

बायोप्सीच्या आधी

डॉक्टर पहिल्या भेटीत चट्ट्याचा फोटो काढतील, माप घेतील आणि मानेतल्या गाठी चाचपतील. टोचणारा दात असेल तर घासून गुळगुळीत करतील, कवळी लागत असेल तर दुरुस्त करतील, बुरशीची शंका असेल तर औषध देतील. तंबाखू-सुपारी त्याच दिवसापासून बंद. मग दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा बघतील. काही चट्टे एवढ्यानंच फिके पडतात. तसं झालं तर छानच. चट्टा लाल किंवा मिश्र असेल, त्यात जखम किंवा कडकपणा असेल, तर मात्र ही वाट बघायची नसते, लगेच बायोप्सी.

बायोप्सीला लोक लेझरपेक्षा जास्त घाबरतात. प्रत्यक्षात जागा बधिर करून चट्ट्याचा काही मिलिमीटरचा तुकडा घेतात आणि एक-दोन टाके घालतात. एखादी दाढ काढण्यापेक्षा कमी त्रास असतो. तुकडा चट्ट्यातल्या सगळ्यात संशयास्पद जागेवरून घ्यायचा असतो, म्हणजे लालसर, जाड किंवा खडबडीत भागातून. चट्टा मोठा असेल तर दोन-तीन ठिकाणांहूनही घेतात. "सुई लावली की कॅन्सर पसरतो" ही भीती मनातून काढून टाका. बायोप्सीनं कॅन्सर पसरत नाही. उशिरानं मात्र पसरतो.

काही ठिकाणी निळा रंग लावून किंवा खास प्रकाशात तोंड तपासतात. तुकडा कुठून घ्यावा हे ठरवायला त्याचा उपयोग होतो, पण त्यावरून निदान होत नाही. "रंग चढला नाही, म्हणजे काही नाही" असं कुणी म्हटलं तरी बायोप्सी टाळू नका.

रिपोर्ट हातात आल्यावर

रिपोर्टमध्ये 'डिसप्लेशिया' हा शब्द शोधा. पेशींची ठेवण बिघडली आहे, असा त्याचा अर्थ. तो शब्द नसेल आणि फक्त 'हायपरकेराटोसिस' लिहिलं असेल, तर वरचा थर जाड झाला आहे, पेशी ठीक आहेत. अशा वेळी सवय सोडून नुसतं लक्ष ठेवणं हाही योग्य उपचार असू शकतो. 'माइल्ड' असेल तर जागा, आकार आणि तुमच्या सवयी बघून निर्णय होतो. 'मॉडरेट' किंवा 'सिव्हिअर' असेल तर चट्टा काढणंच बरं. 'कार्सिनोमा इन सिटू' म्हणजे कॅन्सरच्या पेशी वरच्या थरातच आहेत, खाली उतरलेल्या नाहीत. तो पूर्ण काढायचा. 'स्क्वॅमस सेल कार्सिनोमा' असं लिहिलं असेल, म्हणजे कॅन्सर खाली उतरलेला असेल, तर लेझरनं चट्टा काढण्याचा हा विषय तिथे संपतो. सरळ कॅन्सर सर्जनकडे जा, त्याच आठवड्यात. तोंडाचा कॅन्सर सुरुवातीला सापडला तर बरा होतो.

पुष्कळ पेशंटना याच टप्प्यावर लायकोपीन किंवा अँटिऑक्सिडंटच्या कॅप्सूल मिळतात. त्यांनी काहींचा चट्टा लहान होतो, पण बंद केल्यावर तो परत येताना दिसतो आणि त्यामुळे कॅन्सर टळतो असं सिद्ध झालेलं नाही. 'मॉडरेट' किंवा 'सिव्हिअर' रिपोर्ट हातात असताना कॅप्सूलवर सहा महिने काढणं मला अजिबात मान्य नाही.

लेझर: काढणं आणि जाळणं

तोंडातल्या चट्ट्यांसाठी सगळ्यात जास्त अनुभव आहे तो कार्बन डायऑक्साइड लेझरचा. हा लेझर 1964 मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये कुमार पटेल यांनी तयार केला. ते जन्मले बारामतीत आणि इंजिनिअरिंग शिकले पुण्यात. त्याच्या किरणांची तरंगलांबी 10,600 नॅनोमीटर असते आणि पाणी ते किरण ताबडतोब शोषून घेतं. तोंडाच्या अस्तरात पाणीच जास्त. त्यामुळे वरच्या पेशींतलं पाणी क्षणात वाफ होतं आणि उष्णता फार खोल जात नाही. बारीक रक्तवाहिन्या जागीच बंद होतात, म्हणून रक्त कमी येतं. दातांच्या दवाखान्यांत दिसणारी छोटी मशीन बहुधा डायोड लेझरची असते. तिच्या किरणांची तरंगलांबी 800 ते 980 नॅनोमीटरच्या आसपास असते आणि ते जरा खोल जातात. लहान चट्ट्यासाठी अनुभवी हातात तीही चालते.

लेझर दोन तऱ्हांनी वापरतात. पहिल्या तऱ्हेत चाकूसारखा वापरून चट्टा अखंड कापून काढतात आणि तो तुकडा तपासायला पाठवतात. दुसऱ्या तऱ्हेत चट्ट्याचा थरावर थर वाफ करून उडवतात. त्यात तपासायला काहीच उरत नाही. जमेल तिथे कापूनच काढावा, असं माझं ठाम मत आहे. पहिल्या बायोप्सीत तुकडा एकाच जागेचा असतो. अख्खा चट्टा तपासला की कधीकधी आधी न दिसलेली गंभीर जागा सापडते. फार पसरलेला, पातळ, आधीच्या बायोप्सींत सौम्य निघालेला चट्टा असेल, किंवा कापल्यानं तोंड आवळेल अशी जागा असेल, तिथे वाफ करण्याचा पर्याय घेतात. डॉक्टरांना सरळ विचारा: "तुकडा काढणार आहात की जाळणार आहात? तुकडा काढला तर तपासायला जाणार ना?"

साध्या चाकूनंही हेच काम होतं. लेझरमध्ये रक्त कमी, टाके बहुधा नाहीत, सूज कमी, व्रण मऊ राहतो, म्हणून जीभ-गाल आखडत नाहीत. हे फायदे खरे आहेत. पण लेझरनं काढला म्हणून चट्टा परत येतच नाही, असं नाही. वेगवेगळ्या अभ्यासांत दहापासून तीस टक्क्यांपर्यंत, कुठे त्याहूनही जास्त रुग्णांत तो परत आलेला आहे. तेव्हा जवळ लेझर नाही म्हणून सिव्हिअर डिसप्लेशिया महिनोन्महिने थांबवू नका. चाकूनं काढून घ्या.

शस्त्रक्रियेच्या आधीचे दिवस

तुम्ही घेत असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी द्या. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःहून बंद करू नका. चालू ठेवायची की थांबवायची हे हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच ठरतं. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात आणा, कारण ही जखम उघडी राहून भरते. दात साफ करून घ्यायचे असतील तर काही दिवस आधी करून घ्या.

लहान चट्टा जागा बधिर करून काढतात, तेव्हा पोटभर नाश्ता करून जा. मोठ्या किंवा जिभेच्या मुळाजवळच्या चट्ट्यासाठी पूर्ण भूल लागू शकते. तेव्हा भूलतज्ज्ञ सांगतील त्याप्रमाणे उपाशी राहायचं, साधारण सहा तास. ज्यांचं तोंड कमी उघडतं, त्यांनी हे आधीच सांगा, कारण त्यांना भूल देण्याची तयारी वेगळी करावी लागते. सोबत एक माणूस असू द्या. स्कूटर चालवत एकटे जाऊ नका.

त्या दिवशी

तुमच्या डोळ्यांवर चष्मा किंवा ओली पट्टी येईल. डॉक्टर आणि मदतनीसही खास चष्मे घालतील. ही पद्धत कडक पाळली जाते का, यावरून त्या जागेची शिस्त कळते. खोलीत कुणाच्याही डोळ्यांवर लेझरचा चष्मा नसेल, तर थांबवून विचारायला संकोच करू नका. दातांवर आणि आजूबाजूला ओलं गॉज ठेवतात, म्हणजे किरण इकडे-तिकडे लागले तरी इजा होत नाही. नाकाजवळ ऑक्सिजन चालू असेल तर आग लागण्याचा धोका असतो, म्हणून पूर्ण भूल दिलेली असताना श्वासाची नळीही लेझरला टिकणारी वापरतात.

डॉक्टर आधी चट्ट्याभोवती काही मिलिमीटर निरोगी दिसणारी जागा धरून लेझरच्या ठिपक्यांनी कड आखतात. मग त्या कडेवरून कापत चट्टा सालपटासारखा उचलतात. तुकड्याची कुठली बाजू कुठली, हे पॅथॉलॉजिस्टला कळावं म्हणून त्याच्या एका टोकाला टाका घालतात. जळल्याचा वास येईल; धूर ओढून घेणारी नळी तोंडाजवळ असतेच. दुखलं तर हात वर करा, आणखी बधिर करतात. लहान चट्टा अर्ध्या तासाच्या आत होतो. जागा उघडीच ठेवतात.

पुढचे दोन आठवडे

नेमकं इथेच पेशंट एकटा पडतो, म्हणून जरा विस्तारानं सांगते.

पहिल्या दिवशी बरेच जण आश्चर्यानं म्हणतात, "फारसं दुखतच नाही." खरा त्रास त्यानंतर, चौथ्या-पाचव्या दिवसापासून जाणवू शकतो. तेव्हा काही बिघडलं असं समजू नका. जखमेवर पांढरट-पिवळा थर येतो. घरच्यांना तो पू वाटतो, किंवा चट्टा परत आला असं वाटतं. तो जखमेचं संरक्षण करणारा थर असतो. ब्रशनं, बोटानं, कापसानं तो काढायला जाऊ नका. तो आपोआप सुटतो आणि सुटताना, साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसात, थोडं रक्त येऊ शकतं. स्वच्छ गॉजची घडी करून वीस मिनिटं न उचलता दाबून धरा. तरीही थांबलं नाही, तर डॉक्टरांकडे.

टाके घालून शिवलेल्या जखमेपेक्षा ही जागा भरायला वेळ जास्त लागतो. तीन ते सहा आठवडे धरून चाला.

जेवण पहिले दोन-तीन दिवस गार आणि पातळ: ताक, दूध, गार केलेलं पेज किंवा भाताचं पाणी, नाचणीची आंबील, साबुदाण्याची खीर, केळं कुस्करून. मग मऊ वरण-भात, तूप घालून मुगाची खिचडी, दुधी किंवा भोपळ्याची बिनतिखट भाजी, दुधात भिजवलेली पोळी. भुट्ट्याचा कीस हिरवी मिरची न घालता घरी केला, तर दुसऱ्या आठवड्यात छान चालतो. पोहे खायचे तर मऊ आणि वर शेव न टाकता. शेवेची टोकं जखमेत घुसतात. कचोरी, गराडू, सगळं नमकीन, पापड, लिंबू, लोणचं, टोमॅटो, गरम चहा हे सगळं जखम भरेपर्यंत बाजूला. सराफ्यातली रात्रीची फेरी महिनाभर राहू द्या.

चोवीस तासांनंतर कोमट मीठ-पाण्यानं जेवल्यावर हलकेच गुळण्या करा. क्लोरहेक्सिडिन हे गुळण्यांचं जंतुनाशक औषध डॉक्टरांनी सांगितलं तरच आणि सांगितलं तितकेच दिवस वापरा. लांबवलं तर दात काळपट होतात. अल्कोहोल असलेला माउथवॉश वापरू नका. बाकीचे दात मऊ ब्रशनं रोज घासा, नाहीतर तोंडाला वास येतो आणि जखम चिघळते. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल बहुधा पुरते. घरातली अ‍ॅस्पिरिन घेऊ नका.

चट्टा गालाचा असेल, तर डॉक्टर सांगतील त्या दिवसापासून तोंड उघडण्याचे व्यायाम सुरू करा. आइसक्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांमध्ये ठेवायच्या आणि दर काही दिवसांनी एक वाढवायची. कंटाळवाणं आहे, दुखतंही, पण सुपारी खाणाऱ्या तोंडात हा व्यायाम टाळला तर तोंड आणखी आखडतं. जिभेखालचा चट्टा काढला असेल, तर जेवताना जबड्याखाली सूज येते का ते बघा. लाळेच्या नळीचं तोंड आवळलं की असं होतं. जिभेची एक बाजू बधिर वाटत असेल तर तेही सांगा. बधिरपणा बहुतेकांचा हळूहळू जातो, पण त्याची नोंद हवी.

ताप येणं, सूज रोज वाढत जाणं, थुंकी गिळता न येणं किंवा श्वास घेताना अडथळा येणं यांतलं काही झालं, तर सकाळच्या ओ.पी.डी.ची वाट न बघता लगेच आपत्कालीन विभागात जा.

दुसरा रिपोर्ट

काढलेल्या तुकड्याचा रिपोर्ट साधारण आठवड्या-दोन आठवड्यांनी येतो. जखम भरत आली की लोक तो आणायला जात नाहीत. जा, आणि त्यात दोन गोष्टी बघा: आधीपेक्षा गंभीर काही निघालं का, आणि कडा मोकळ्या आहेत का, म्हणजे कापलेल्या कडेत बिघडलेल्या पेशी उरलेल्या नाहीत ना. लेझरच्या उष्णतेनं कडेच्या पेशी थोड्या भाजतात, त्यामुळे कधीकधी पॅथॉलॉजिस्टला कड नीट वाचता येत नाही. तसं लिहिलं असेल तर घाबरू नका. डॉक्टर त्या जागेवर जास्त बारीक लक्ष ठेवतील किंवा पुन्हा थोडा तुकडा घेतील.

सुपारी आणि तंबाखू

ओल धरलेल्या भिंतीवरचा पोपडा खरवडला तरी ओल आतच असते. तोंडाचंही तसंच आहे. वर्षानुवर्षं तंबाखू-सुपारीचा रस लागलेलं अस्तर सगळीकडेच बदललेलं असतं. चट्टा फक्त एका जागी दिसतो. म्हणून चट्टा काढल्यावरही तोंडात दुसरीकडे कॅन्सर होऊ शकतो. शस्त्रक्रियेनं तो नक्की टळतो असं ठामपणे सांगणारा भक्कम पुरावा अजून नाही. चट्टा काढायचा तो त्यातल्या बिघडलेल्या पेशी जाव्यात आणि लपलेलं काही सापडावं म्हणून. धोका खरोखर कमी करायचा असेल, तर सवय सुटली पाहिजे.

आपल्या घरांत तंबाखूला नावं ठेवतात, पण सुपारीला मान असतो. जेवल्यावर अडकित्त्यानं कातरलेली, हळदीकुंकवाला दिलेली, प्रवासात पर्समध्ये असलेली सुगंधी सुपारी. "मी तंबाखू नाही खात, नुसती सुपारी" असं आजीही सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं 2004 मध्ये नुसती सुपारीच, तंबाखूशिवायही, कॅन्सर करणाऱ्या पदार्थांत धरली. अन्नसुरक्षेच्या नव्या नियमांखाली गुटख्यावर बंदी घालणारं पहिलं राज्य आपलं मध्य प्रदेश, एप्रिल 2012 मध्ये. तरी पान मसाला आणि तंबाखू वेगवेगळ्या पुड्यांत मिळतात आणि टपरीवर एकत्र होतात.

सोडण्यासाठी 1800-11-2356 ही राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइन आहे. फोन मोफत लागतो. तलफ येते ती काही मिनिटांची. तेवढा वेळ काढायला पाणी, चालणं, कुणाशी बोलणं, काहीही चालेल. जखम भरल्यावर बडीशेप, वेलदोडा, धणाडाळ ठेवा. निकोटिनचं च्युइंगम ताज्या जखमेवर झोंबतं, म्हणून त्या आठवड्यांत कातडीवर लावायची निकोटिन पट्टी चालेल का, ते डॉक्टरांना विचारा. घरातल्यांनीही पानाचं तबक उचलून ठेवा. एकानं सोडायचं आणि बाकीच्यांनी समोर कातरत बसायचं, यात कुणाचीच सवय सुटत नाही.

पुढची तपासणी

पहिली भेट आठवड्यानं, दुसरी महिन्यानं. मग पहिली एक-दोन वर्षं दर तीन महिन्यांनी, पुढे दर सहा महिन्यांनी, आणि ती थांबवायची नसते. रिपोर्ट सिव्हिअर असेल किंवा सवय सुटलेली नसेल, तर अंतर आणखी कमी ठेवावं लागतं. एका जाड वहीत बायोप्सीचे दोन्ही रिपोर्ट, शस्त्रक्रियेचा कागद आणि प्रत्येक भेटीचा फोटो चिकटवून ठेवा. नोकरीनिमित्त मुलाकडे पुण्याला किंवा बंगळुरूला गेलात तर ती वही सोबत न्या. तिथल्या डॉक्टरांना जुना फोटो मिळाला की नवा बदल लगेच ओळखता येतो.

चट्टा परत आला, तर पुन्हा लेझर करता येतं. मात्र दुसऱ्या वेळीही आधी बायोप्सीच. पूर्वीचा रिपोर्ट सौम्य होता म्हणून आताचाही तसाच असेल, असं धरून चालू नका. जुन्या जागी कडकपणा, न भरणारी जखम किंवा लाल ठिपका दिसला, तर पुढच्या ठरलेल्या तारखेची वाट न बघता त्याच आठवड्यात दाखवा आणि पर्ची काढताना खिडकीवर सांगा की आधी चट्ट्याची शस्त्रक्रिया झालेली आहे.